आजारी नातवंडाचा समाचार

घरातले मूल आजारी पडले की त्या घराचा सूरच पालटतो. एरवी ज्या पोराच्या नावाने दिवसभर हाका आणि धमक्या दुमदुमत असतात, त्याच्या खाटेशी आता मंडळी चवड्यांवर चालत येतात, कपाळावर हात ठेवतात, एकमेकांकडे पाहून न बोलता मान हलवतात आणि मोसंब्यांची पिशवी तिपाईवर ठेवून ‘लवकर बरा हो हं बाळा’ एवढे एकच वाक्य कण्हल्यासारख्या आवाजात उच्चारून निघून जातात. या शिष्टाचारात सद्भाव असतो, याविषयी शंका नाही. परंतु मुले शब्दांपेक्षा सुरावरून अर्थ लावण्यात तरबेज असल्यामुळे, आपल्याला झाले आहे ते काहीतरी भयंकरच असले पाहिजे, असा निष्कर्ष ते पोर त्या दबक्या आवाजावरून काढीत असते. अशा वेळी या साऱ्या शिष्टाचाराला सरळ हरताळ फासणारी एखादी वयोवृद्ध व्यक्ती पुष्कळ घरांत आढळते. ती दारातूनच विचारते, ‘काय गुलामा, माझ्या परवानगीवाचून ताप आणलास होय?’ आणि सकाळपासून ज्याने पेजेचा घोट घेतलेला नसतो, ते पोर उशीवरून मान उचलून भांडायला तयार होते.

हा निव्वळ वात्रटपणा आहे की त्यात काही शहाणपण आहे, या प्रश्नाचा निकाल घरातील लेकीसुना बहुधा ‘काय हे, बाबा!’ एवढ्या उद्गारात लावून टाकतात. तथापि मानवशास्त्र, बालमानसशास्त्र आणि वैद्यक या तिन्ही दरबारांत या प्रकरणाची वेगवेगळ्या निमित्ताने तहकिकात झालेली आहे, आणि तिथला पुरावा एकत्र मांडून पाहिला तर म्हातारी मंडळी बव्हंशी निर्दोष सुटतात. आजारी मुलाची केलेली प्रेमळ थट्टा हा एक प्रकारचा दाखला असतो: तू रोगी झालास तरी आमच्या लेखी तू पूर्वीचाच आहेस, आमच्याशी भांडण्याचा तुझा हक्क शाबूत आहे, असे त्या दाखल्यात लिहिलेले असते. मात्र हा दाखला देण्याच्या काही अटी आहेत, आणि त्या मोडल्या तर त्याच थट्टेचा जाच होतो.

प्रथम मानवशास्त्राचा जबाब घेऊ. मार्सेल मोस या फ्रेंच पंडिताने १९२६ साली, आणि त्यानंतर ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने १९४० साली ‘आफ्रिका’ या नियतकालिकातील एका प्रसिद्ध निबंधात, एका चमत्कारिक सामाजिक संस्थेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. जगातील कित्येक समाजांत काही ठरावीक नात्यांतील माणसांना एकमेकांची थट्टा करण्याची मुभा असते, कित्येकदा तर ती करणे हे त्यांचे कर्तव्यच असते, आणि जिची थट्टा होते त्या व्यक्तीने राग मानायचा नाही असा संकेत असतो. अशा नात्यांत आजा आणि नातवंड हे नाते ठिकठिकाणी आढळते. याची रॅडक्लिफ-ब्राउन यांनी दिलेली मीमांसा साधी, पण मार्मिक आहे. लागोपाठच्या दोन पिढ्यांत, म्हणजे आईबाप आणि मुले यांच्यात, शिस्तीचा आणि अधिकाराचा संबंध असतो. मुलाला वळण लावण्याची जबाबदारी आईबापांची असल्यामुळे तिथे आदर आणि थोडा दुरावा अपरिहार्य होतो. एक पिढी ओलांडली की हा ताण सैल पडतो. आजा संसाराच्या कारभारातून निवृत्त होत असतो आणि नातवंड त्या कारभारात अजून दाखल व्हायचे असते. सत्तेच्या गादीवर दोघांपैकी कोणीच बसलेले नसल्यामुळे दोघांना बरोबरीच्या नात्याने बोलता येते. आपल्याकडे नातवंडाला दुधावरची साय म्हणतात, ते मायेच्या बाबतीत खरेच आहे. परंतु या मायेला थट्टेचा जो मोकळेपणा लाभतो, तो अधिकाराच्या अभावातून आलेला असतो, हे या मीमांसेवरून ध्यानात येते.

थट्टा ही मोठ्यांनी लहानांवर लादलेली गोष्ट आहे, असेही समजण्याचे कारण नाही. पोर्टस्मथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, वर्ष न भरलेली बालके स्वतःच वडीलधाऱ्यांची थट्टा करतात, हे दाखवून दिले. हातातले खेळणे ‘घे’ म्हणून पुढे करावयाचे, समोरच्याने हात पुढे करताच झटकन मागे घ्यावयाचे आणि त्याच्या फजितीकडे पाहून हसायचे, हा खेळ मुलांना पहिले शब्द नीट उच्चारता येण्यापूर्वीच साधलेला असतो. इतकेच काय, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान या चारही महाकपींमध्ये खोडकर थट्टेचे तब्बल अठरा प्रकार नोंदवले गेले. तेव्हा या विद्येचे मूळ मनुष्यजातीच्याही पलीकडे, तिच्या पूर्वजांच्या घराण्यात शोधावे लागेल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली या विषयावरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात थट्टेची दोन अंगे सांगितली आहेत. पहिले अंग म्हणजे हेतुपुरस्सर दिलेला डिवचा. दुसरे म्हणजे तो डिवचा खोटा आहे हे कळावे म्हणून सोबत दिलेली खूण. मिचकावलेला डोळा, ताणलेला स्वर, उगाच वापरलेली भारदस्त भाषा, अशक्य कोटीतील अतिशयोक्ती या सर्व खुणाच होत. खूण राहून गेली आणि डिवचा तेवढा पोचला, तर थट्टा संपून अपमान सुरू होतो.

आता आजारपण मुलाचे काय करते ते पाहावे. अंगातली शक्ती जाते, हे तर खरेच; परंतु त्याहून मोठा पालट त्याच्या दर्जात होतो. काल जे पोर गल्लीतल्या क्रिकेटच्या संघाचे कप्तान होते, ते आज उठवले तर उठते, पाजले तर पिते, आणि त्याच्यासंबंधीचे सर्व निर्णय त्याच्या डोक्यावरून दुसरेच लोक घेत असतात. इंग्लंडात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयातील मुलांना आईबापांनी भेटण्याचे तास इतके तोकडे असत की, जेम्स रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ साली काढलेला चित्रपट पाहून वैद्यकीय जगात मोठी खळबळ उडाली, आणि मुलांना भेटण्यावरील निर्बंध उठवण्याची शिफारस पुढे १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने केली. शुश्रूषेत काही उणे नसतानाही आपली माणसे दुरावल्याचे दुःख मुलाला केवढे असते, याचा तो पुरावा होता.

याला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नैतिक कल्पनांवरील आपल्या १९३२ च्या ग्रंथात असे दाखवले की, लहान मुलांच्या मते अपराधाची शिक्षा सृष्टीच करते; चोरी करून पळणाऱ्याच्या पायाखालचा पूल मोडला, तर तो चोरीमुळेच मोडला असे ती मानतात. आजारपणाकडेही कित्येक मुले याच दृष्टीने पाहतात. ‘पावसात भिजलास ना, भोग आता’ हे वाक्य मोठ्यांच्या लेखी कंटाळ्याचा एक उद्गार असतो. मुलाच्या कानी मात्र ते शिक्षेचा निकाल म्हणून पडते. कीव केली तर भीती वाढते आणि उपदेश केला तर अपराधाची जाणीव वाढते. या दोहोंच्या मधली जी वाट आहे, तीवर आजीआजोबांची थट्टा उभी असते.

आपल्या प्राचीन वैद्यांना ही वाट परिचित असावी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी घर कसे बांधावे आणि सज्ज करावे, याचे जे विस्तृत वर्णन आहे, त्यात परिचारक, स्वयंपाकी, औषधे कुटणारे यांच्या जोडीला गाणारे, वाजवणारे, आणि श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे सांगण्यात कुशल असे लोकही नेमावेत, असे सांगितले आहे. त्याच संहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालसंगोपनाचे नियम देताना, मूल रडत असेल, जेवत नसेल किंवा ऐकत नसेल, तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे स्पष्ट बजावले आहे. मनोरंजन हवे, भय नको, या एका सूत्रात थट्टेचे निम्मे पथ्य सामावलेले आहे. ‘नाही औषध घेतलेस तर डॉक्टर मोठी सुई टोचतील’ असे हसत हसत सांगणारा आजा विनोदी खचित नव्हे. बागुलबुवाला त्याने फक्त पांढरा कोट चढवलेला असतो.

हास्याचा शरीरावर प्रत्यक्ष परिणाम होतो काय, याविषयी अतिशयोक्त विधाने पुष्कळ केली जातात, म्हणून इथे थोडे जपून बोलणे इष्ट. अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांनी १९७६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या सांधेदुखीच्या गंभीर आजाराची हकीकत लिहिली. विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे पोट धरून हसले की आपल्याला दोन तास वेदनेवाचून झोप लागत असे, असे त्यांचे म्हणणे होते. हा एका माणसाचा अनुभव झाला. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चारचौघांत मनमुराद हसल्यानंतर माणसे पूर्वीपेक्षा जास्त वेदना सहन करू शकतात, असे आढळले. मुलांच्या बाबतीत बोलावयाचे तर फ्लॉरेन्स येथील बालरुग्णालयात चाळीस मुलांवर झालेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उल्लेखनीय आहे; शस्त्रक्रियेपूर्वी गुंगी देताना ज्या मुलांच्या सोबत आईबापांखेरीज विदूषकही होते, त्यांची भीती इतरांपेक्षा पुष्कळ कमी भरली. विशेष म्हणजे त्याच प्रयोगात तेथील बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी विदूषकांमुळे कामात व्यत्यय येतो, अशीही तक्रार नोंदवली. या सर्वांवरून एवढेच म्हणता येते की हास्याने जंतू मरत नाहीत आणि मोडलेले हाड सांधत नाही. भीती मात्र उतरते, वेदना थोडी सुसह्य होते, आणि औषधाचा चमचा तोंडाशी आला असता तोंड उघडण्याची शक्यता वाढते.

या विदूषकांची कार्यपद्धती आपल्या विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. न्यूयॉर्कच्या ‘बिग ॲपल सर्कस’मधील मायकेल ख्रिस्टेन्सन यांनी १९८६ साली रुग्णालयांत विदूषक पाठवण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्या विदूषकांनी सोंग घेतले ते डॉक्टरांचे. लाल नाकाचे आरोपण करणे आणि असल्याच इतर अद्भुत शस्त्रक्रिया ते गंभीर चेहऱ्याने पार पाडीत. थट्टा होत असे ती तपासणीच्या सोपस्कारांची आणि पांढऱ्या कोटाच्या दराऱ्याची. बिछान्यातील मूल त्या थट्टेत भागीदार असे, तिचे लक्ष्य कधीच नसे. आपल्या मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतीतील बागेत डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी पाच माणसांनिशी पहिला हास्यसंघ सुरू केला, त्याचा इतिहासही असाच उद्बोधक आहे. सुरुवातीला तिथे विनोद सांगून हसण्याची प्रथा होती. परंतु थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला, कोणाला तरी झोंबणारे चुटके येऊ लागले, आणि शेवटी विनोदावाचून हसण्याची पद्धत स्वीकारावी लागली. म्हणजे हसणारी माणसे कोण आणि परस्परांची कोण लागतात, हे विनोदाच्या दर्जाहून महत्त्वाचे ठरले. रॉबर्ट प्रोवाइन या अभ्यासकाने तर असे नोंदवले आहे की माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो. आजोबांचा विनोद जुनापुराणा असतो, तो नातवाला तोंडपाठही असतो, आणि तरीही तो लागू पडतो, याचे रहस्य इथे आहे.

आता प्रत्यक्ष संदेशाकडे वळू. कारण आजा आणि नातवंड एका छपराखाली असतील तर दारातली एक आरोळी पुरते, पण एक पुण्यात आणि दुसरे नागपुरात, नाहीतर न्यू जर्सीत असेल, तर जे सांगायचे ते लिहूनच सांगावे लागते. भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि अशा मजकुराला अत्यंत स्वस्त वाहन मिळाले. आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रांत जगात सर्वाधिक गाजलेले पत्र मात्र आजीचे नव्हे. बिॲट्रिक्स पॉटर या इंग्रज चित्रकर्तीने ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधून आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या नोएल नावाच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला एक सचित्र पत्र लिहिले. त्यात उपदेश नव्हता की हळहळ नव्हती. चार सशांची गोष्ट होती. त्यांतला पीटर नावाचा एक ससा परक्याच्या बागेत शिरून नको तितके खातो, कसाबसा जीव बचावून घरी येतो, आणि संध्याकाळी आजारी पडून आईच्या हातचा काढा पितो. पांघरुणात पडलेल्या मुलाला आपले दुखणे अशा रीतीने एका आगाऊ सशाच्या अंगावर गेलेले पाहावयास मिळाले. याच पत्रातून पुढे पीटर सशाचे ते प्रसिद्ध पुस्तक झाले. १९०१ साली लेखिकेने त्याच्या अडीचशे प्रती स्वखर्चाने छापल्या आणि १९०२ साली ते प्रकाशकाकडून बाहेर पडले.

मराठी आजीआजोबांच्या हाताशी सशाहूनही एक सरस साधन आहे, ते म्हणजे आपल्या जुन्या पत्रव्यवहाराचा थाट. मायने, हुकूम, ताकीद, कैफियत या बाडबिस्ताऱ्यात मूळचेच एवढे गांभीर्य भरलेले आहे की तो सगळा लवाजमा सात वर्षांच्या मुलाच्या गालफुगीवर चालून गेला की हसू आपोआप फुटते. उदाहरणार्थ, एखाद्या आजोबांना असे लिहिता येईल: ‘चिरंजीव राजश्री बाळोबा यांसी अनेक आशीर्वाद उपरि. तुम्ही हुजुराची परवानगी न घेता गालफुगी नामक परकीय फौजेस दोन्ही गालांत छावणी करू दिली, ही बातमी जासुदामार्फत हुजुरास समजली. सबब ताकीद देण्यात येते की, सदर फौज आठ रोजांच्या मुदतीत मुलूख सोडून न गेल्यास तुमच्या वाट्याचे बेसनाचे लाडू सरकारजमा होतील. याविषयी काही कैफियत असल्यास ती लेखी, शुद्धलेखन तपासून, हुजुरात रुजू करावी. जाणिजे. मोर्तब सूद.’

या हुकूमनाम्याची थोडी चिरफाड केली तर चांगल्या संदेशाची सारी लक्षणे हाती येतात. पहिले असे की, शत्रू म्हणून उभी केली आहे ती गालफुगी. मुलगा स्वतः मुलुखाचा सरदार आहे, फार तर थोडा गाफील राहिलेला. दुसरे असे की, लाडवांच्या धमकीत एक आश्वासन दडलेले आहे. जप्तीची भाषा ऐकताच मुलाला एवढे निश्चित कळते की घरी लाडू केलेले आहेत, त्यांत आपला वाटा आहे, आणि आठ दिवसांत आपण ते खाण्याइतके बरे होणार याविषयी आजोबांना संशय नाही. ‘काळजी करू नकोस’ या शब्दांनी जी काळजी जात नाही, ती अशा गृहीत धरलेल्या भविष्याने जाते. तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे: शेवटी कैफियतीचा दरवाजा उघडा ठेवला आहे. बिछान्यात पडलेल्या मुलाला दिवसभर घ्यावेच लागत असते. उलट टोला देण्याची संधी त्याला कोणी देत नाही. ‘लाडू जप्त झाल्यास आजोबांच्या कवळीवर टाच आणली जाईल’ असा जबाब ज्या घटकेस येईल, त्या घटकेस आजोबांनी समजावे की ताप उतरणीला लागला.

प्रत्येकाला दप्तरी भाषा साधते असे नाही, आणि त्याची जरुरीही नाही. आज्यांची रीत बहुधा निराळी असते. नातीचे टॉन्सिल काढले असतील तर आजी लिहील: ‘सोनूताई, तुला आठ दिवस बोलायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितल्याचे कळले. तू बोलायला लागल्यापासून मला या घरात एक वाक्य पुरे करता आलेले नाही. ही संधी मी दवडणार नाही. रोज रात्री फोन करीन. मी बोलेन आणि तू नुसते ऐकायचेस.’ हात मोडून प्लॅस्टरमध्ये गेला असेल तर: ‘एवढी पांढरीशुभ्र भिंत मिळाल्याबद्दल अभिनंदन. रंगकामाचे कंत्राट दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. पहिली रांगोळी माझी.’ आणि सर्वांत निर्धोक थट्टा तीच, जिच्यात सांगणारा स्वतःच बळी जातो: ‘तुला दिवसाला दोन गोळ्या, मला नुसत्या सकाळच्या सहा. तेव्हा आजारपणात माझ्याशी बरोबरी करायला येऊ नकोस. या घरात ते खाते माझ्याकडे आहे.’ म्हातारपणाने ज्याला कवळी, काठी, चष्मा आणि विसराळूपणा असा ऐवज दिला आहे, त्याला विनोदाच्या भांडवलाची ददात पडू नये.

थट्टा वयाप्रमाणे बदलली पाहिजे. उपरोध, म्हणजे बोलणे एक आणि अभिप्राय त्याच्या उलट, हा प्रकार मुलांना सर्वसाधारणपणे पाचसहा वर्षांच्या सुमारास उमगू लागतो, आणि त्यातली गंमत कळायला आणखी काही वर्षे जावी लागतात. म्हणून तीनचार वर्षांच्या मुलाला ‘वा, छान केलेस हं आजारी पडून!’ असे लिहिले तर ते शाबासकीच समजेल किंवा गोंधळात पडेल. त्या वयाला उघड असंभव गोष्टी रुचतात: मांजर थर्मामीटर तोंडात धरून बसले आहे, नाकाला गळतीबद्दल नळदुरुस्तीवाला बोलावला आहे, वगैरे. आठदहा वर्षांच्या मुलांना हुकूमनामे, कोडी, खोट्या वर्तमानपत्री बातम्या पसंत पडतात. तेरा-चौदाच्या पुढे मात्र हात आखडता घ्यावा. त्या वयात आपल्या शरीराविषयी मन इतके हळवे असते की एक ओळ पुरे, आणि तीही इतरांच्या देखत वाचली जाणार नाही अशी.

काही विषय सर्वच वयांत वर्ज्य मानावेत. अंगावरचे पुरळ, गळलेले केस, घटलेले किंवा वाढलेले वजन, ओले झालेले अंथरूण आणि सुईची भीती यांवर विनोद करू नये. कारण ज्याची मुलाला मनातून लाज किंवा धास्ती वाटते, त्यावरील विनोदाला ते उत्तर देऊ शकत नाही, आणि जिथे उत्तर देता येत नाही तिथे थट्टेचा करारच संपुष्टात येतो. ‘शाळा बुडवण्यासाठी सोंग केलेस’ हा लाडका विनोद दोन दिवसांच्या तापापुरता चालेल. दमा, मधुमेह, संधिवात यांसारखी दीर्घ दुखणी असलेल्या मुलाला तोच जिव्हारी लागतो, कारण तसा खरा संशय कोणीतरी त्याच्यावर घेतलेला असण्याचा संभव असतो. गंभीर आजारात मूल स्वतः आपल्या दुखण्याची थट्टा करू लागले, तर तेवढ्याच अंतरावर त्याच्या मागोमाग जावे, पुढे धावू नये. आणि पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर टाके ओले असताना हसणे हीच एक वेदना असते, हे विसरू नये. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगून स्मित व हसित हे पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांकडे, तर अपहसित आणि अतिहसित हे शेवटचे दोन अधम प्रकृतीकडे दिले आहेत; रुग्णाच्या बाबतीत ही वर्गवारी डॉक्टरांनाही मान्य होण्यासारखी आहे.

हल्ली या संदेशांचे वाहन मोबाइल झाले आहे, आणि त्यामुळे सोय झाली तशी एक अडचणही आली. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपला उपरोध वाचणाऱ्याला नक्की कळेल अशी लिहिणाऱ्याची खात्री असते, पण नुसत्या अक्षरांतून तो निम्म्याहून किंचित अधिक वेळाच बरोबर ओळखला जातो, असे दिसले. तोच मजकूर आवाजात ऐकवला तर चारांपैकी सुमारे तीन वेळा ओळखला गेला. याच अडचणीवर तोड म्हणून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फाहलमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस एकापुढे एक ठेवून आडवा हसरा चेहरा सुचवला, आणि आजच्या पिवळ्या गोल मुखवट्यांची पूर्वपीठिका तयार झाली. तेव्हा थट्टा लिहून पाठवणाऱ्या आजोबांनी एखादा डोळा मिचकावणारा चेहरा सोबत जोडण्यात कमीपणा मानू नये. त्याहून उत्तम म्हणजे आपल्या आवाजात बोलून पाठवावे. परदेशातील ज्या नातवंडांना मराठी ऐकून समजते पण वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तर हाच मार्ग मोकळा आहे. जे करू नये ते एवढेच की, गुलाबाच्या फुलावर दवबिंदू आणि खाली शुभेच्छा अशी कोणीतरी कोणालातरी धाडलेली तयार चित्रे पुढे ढकलून कर्तव्यातून मोकळे व्हावे. त्या चित्रात मुलाचे नाव नसते, त्याचा दुखरा हात नसतो, त्याच्या वाट्याचा लाडू नसतो. त्याला उत्तर तरी काय द्यायचे?

म्हणून आजीआजोबांना विनंती अशी की, नातवंड आजारी असल्याचे कळताच प्रथम त्याच्या आईला फोन करून दुखणे किती खोल आहे याची खरी चौकशी करावी, आणि ते काळजीचे नसेल तर समाचाराचे चार गंभीर शब्द तिच्यापाशीच ठेवून मुलाला स्वतंत्र, त्याच्या नावाने, चारपाच ओळींचा एक खोडसाळ संदेश पाठवावा. त्यात दोष आजाराला द्यावा, फजिती स्वतःची करावी, बरे झाल्यानंतरचा एखादा बेत गृहीत धरावा, आणि शेवटी असा एक आरोप ठेवावा की ज्याचा इन्कार केल्यावाचून त्या पोराला राहवणार नाही. उत्तर आले तर पत्रव्यवहार चालू ठेवावा. न आले तर थकवा आहे असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावे, आणि औषधाच्या वेळा सांभाळण्याचे काम मात्र आईबापांवर व डॉक्टरांवर सोपवावे.